तर

तर ती मोरीणबाई.
खरं नाव मॉरीन थ्वेट, पण थ्वेट हे आडनाव
मोचेमाडात कुणाच्याच दातांत बसलं नाही.
बाप शिरोड्याच्या मिठागरांवरचा साहेब,
आई तापाने गेलेली. मुलगी वाढली
भागी खोबरेकरणीच्या कडेवर, सुक्या बांगड्याच्या वासात.

खाडीला तेव्हा पूल नव्हता.
तर पलीकडे, आपण अलीकडे, मध्ये भरतीचं पाणी
आणि तारी निम्मा बहिरा.
भागीने पोरीला शिकवलं:
आराडू नको गो. आराडलेला पाण्यात बुडता.
पोटातसून काढ, कपाळात घुमय,
नि पाण्यार ठेव, पणती सोडतत तसा.
ओऽऽऽ तारीऽऽऽ
सात वर्षांच्या मुलीने ठेवलं,
आणि पलीकडे तारी उठला.

मग सत्तेचाळीस. बोट. थंडी.
लीड्समधल्या मावशीचं घर,
जिथे मोठ्याने हसणंसुद्धा वाया घालवणं.
चर्चमधल्या गाणाऱ्या पोरींत मागच्या रांगेत उभी असताना
एका म्हाताऱ्या मास्तराने विचारलं,
आवाज असा फेकायला कुठे शिकलीस?
ती म्हणाली, फेकत नाही. ठेवते.

पुढची तीस वर्षं तिने सांगितली तेवढीच मला ठाऊक.
ऑपेरात नायिका कधीच नाही. आवाज खालचा, रुंद,
म्हणून वाट्याला दाया, चेटकिणी,
शाप देणाऱ्या म्हाताऱ्या,
आणि मिशी चिकटवून कोवळे राजपुत्र.
समोरच्या खड्ड्यात ऐंशी वाजवणारे, माइक नाही,
आणि अगदी वर, छताखाली,
स्वस्त तिकिटातला पेंगुळलेला माणूस.
तो माझा तारी, ती म्हणायची. तो उठला पाहिजे.

बावन्नाव्या वर्षी घशात गाठ.
गाठ गेली, जाताना वरचे तीन सूर घेऊन गेली,
उधाणाने बांध खावा तशी.
तर ती परत आली.

जत्रेची रात्र. मी कंपनीचा पायपेटीवाला,
बोटं गारठलेली, मृदंग अजून पीठ मागत होता.
देवळामागे पेटाऱ्याला टेकून
पुनाजी आरोलकर तारामती होण्यासाठी मिशी काढत होता.
बाई त्याच्यासमोर उकिडवी बसली.
मी तोडकंमोडकं इंग्रजी जुळवू लागलो,
तोवर तिनेच विचारलं,
‘मिशी काढताना वायट वाटता?’
सात वर्षांच्या पोरीची मालवणी ती,
त्या भाषेचं वय वाढलंच नव्हतं.
पुनाजीने वस्तरा पुसला. ‘तुका लावताना वाटला?’
दोघं जे हसले, त्या पट्टीत माझी पेटी कुठेच नव्हती.

पहाटे तारामतीने रोहिदासाला मांडीवर घेतलं.
बायका पदरात तोंड खुपसून रडल्या.
बाई रडली नाही.
तिची बोटं गुडघ्यावर पुनाजीचे श्वास मोजत होती
आणि एका जागी, जिथे तो चोरून श्वास घेतो,
जे फक्त मला माहीत होतं,
तिथे बोट क्षणभर थांबलं.

दहीकाला झाल्यावर
माझ्या लुनावर मागे बसून ती मोचेमाडला आली.
पूल होऊन वर्षं लोटलेली.
होडी माडाखाली उपडी, तिच्या पोटात कोंबडी अंड्यांवर.
बाईने चपला काढल्या, घोट्याएवढ्या पाण्यात गेली.
गाणार, मला वाटलं. मी मनातल्या मनात सूरही धरला.
तिने हाक मारली.
काळी दोनवर लागली, मध्येच फाटली,
सुक्या झापासारखी.
पण ठेवलेली होती. पाण्यावर होती.

पुलावरून खडीचा ट्रक चालला होता.
पलीकडे तिसऱ्या वेचणारी एक बाई
ट्रककडे नाही, आमच्याकडे वळली.
डोळ्यांवर हात धरून तिने उत्तर दिलं,
‘तर बंद झाली गो बाये! पुलावरसून ये!’

मोरीणबाईने विचारलं, किती लांब असेल?
मी म्हटलं, असतील दोन-अडीचशे हात.
‘म्हणजे छताखालच्या बाकापेक्षा लांब,’ ती म्हणाली,
आणि चपला हातात घेऊन
पुलाकडे चालू लागली.
मी मागे लुना ढकलत.