थोडी हवा कमी करा

मस्कतला पट्ट्यावरून जी बॅग आली
ती आमच्यासारखीच निळी होती, आमची नव्हती.
हॉटेलात उघडली: तीन लुंग्या, फणसाचे वेफर्स,
खोबरेलाच्या दोन बाटल्या, एक फुटलेली,
आणि कुणा कोया नावाच्या माणसाचे एक्स-रे.
माझं सगळं, आत्तेबहिणींनी
चिडवत चिडवत हनिमूनसाठी घ्यायला लावलेलं सगळं,
तेव्हा कोयाबरोबर सलालाच्या वाटेवर होतं.

हेरंब म्हणाला, "काळजी नको, शीट आहे."
एक्सेल शीट. सहा दिवस, चाळीस ओळी.
मंगळवार, पाच वाजून दहा मिनिटं: वाळवंटात सूर्यास्त.
शेजारच्या रकान्यात: हात धरणे.

ओळख साडेतीन महिन्यांची, त्यातले तीन व्हिडिओ कॉलवर.
तो बारकाला समुद्राचं पाणी गोडं करतो,
मी सांगलीत लोकांची सोनंतारण कर्जं.

मंगळवारी, बिदियाच्या पुढे,
पाच वाजून दहा मिनिटांनी
भाड्याची कोरोला पोटापर्यंत वाळूत रुतली.
त्यानं रेस केली. अजून रुतली.
"रेस नको करूस," मी म्हटलं. त्यानं केली.
सूर्य बुडाला, अगदी शीटबरहुकूम.
हात कुणी धरला नाही.
मी तेलकट सलवारीवर कोयाची लुंगी गुंडाळून
मागून गाडी ढकलत होते,
आणि एक उंट माझी ओढणी चघळत
रुसलेल्या व्याह्यासारखा बाजूला उभा होता.

भांडण झालं. पहिलंच, त्यामुळे नीट जमलं नाही;
मध्येच दोघंही थांबून "सॉरी, तू बोल" म्हणत होतो.

मग पिकअपचे दिवे. हमूद. सत्तरीचा, अनवाणी.
त्यानं गाडीकडे पाहिलं, हेरंबकडे जरा जास्त वेळ पाहिलं,
आणि तिकडे सगळ्यांना पुरते त्या हिंदीत म्हणाला,
"हवा ज्यादा. थोडा निकालो."
"टायरची?" हेरंबनं विचारलं.
म्हातारा गप्प. मी मात्र हसले, नको तेव्हा.
चारही टायर फुसफुसले,
आणि गाडी डबक्यातून उठणाऱ्या म्हशीसारखी
नाइलाजानं निघाली.

रात्री त्याच्याच घरी. भात, मटण, कहवा.
सासूबाईंनी पर्समध्ये कोंबलेलं मेतकूट
हमूदच्या बायकोनं, शमसानं, बोटावर घेतलं, चाखलं,
बराच विचार केला, आणि बरणी स्वतःच्या मांडीशी ठेवली.
मग बायका विचारू लागल्या, नवऱ्याचं नाव काय?

लग्नात मी उखाणा घेतला नव्हता.
करवल्या थकल्या, गुरुजींनी घड्याळ पाहिलं, मी ढिम्म.
इथे कुणाला एक अक्षर कळणार नव्हतं. घेतला:

वाळूत रुतली गाडी, टायरातली काढली हवा;
हेरंबराव चालतील हेच, नकाशा तेवढा नवा हवा.

बायकांनी टाळ्या वाजवल्या, कशाला कुणास ठाऊक.
पडद्यापलीकडे, पुरुषांच्या बैठकीत,
कोयाची दुसरी लुंगी नेसलेला एकच माणूस
जोरात ठसकला. बराच वेळ ठसकत होता.