टक्केवारी

घाटीच्या खोली क्रमांक सव्वीससमोर
सकाळी सातपासून रांग.
लिफ्ट बंद. व्हीलचेअर शिपायाच्या स्टुलाला
साखळीनं बांधलेली, कुणी चोरून नेणारच होतं जशी.
मी कठड्याला धरून चढले,
कॅलिपर प्रत्येक पायरीला वाजत.

“गाव?”
बेगमपुरा.
“नाही, मूळचं गाव?”
माझ्या केसांकडं बघून विचारतात ते.
डॉक्टर, इथून दगड मारला तर माझ्या दारात पडेल.

मग टेप. मांडी, पोटरी, घोटा.
डावा पाय उजव्याहून पावणेदोन इंच कमी.

अशीच मापं सुंबुलचीही घेतली होती
कुठल्याशा बंदरावर: दंड, दात, छाती.
तेव्हा तो धडधाकट होता, म्हणून बोली चढली.
सुंबुल म्हणजे एक फूल. व्यापाऱ्यानं ठेवलेलं नाव.
आईनं काय ठेवलं होतं, ते समुद्रापलीकडंच राहिलं.

शहराला खडकी म्हणत तेव्हाची गोष्ट, फुफी सांगायची.
कुठल्या तरी वेढ्यात गुडघ्याखालचं सगळं गेलं.
लष्कराच्या वहीत रकाने दोनच:
हजर, आणि पडले.
सुंबुल दोन्हींत नाही.
मेला असता तर सापडला असता मला.

त्याला नहरीवर बसवलं.
मातीच्या नळातून डोंगराचं पाणी यायचं.
मनोऱ्याच्या भिंतीला कान लावून
तो सांगायचा कुठं गाळ बसलाय, कुठं वडाचं मूळ शिरलंय.
पगार? दोन वेळची ज्वारी.
फुफी म्हणायची, त्या भिंतीत त्याच्या कानाचा खळगा आहे.
मी बघून आले. खळगे पुष्कळ.
एकात माझा कान बसला,
पण तो कुणाचाही बसला असता.

“बेचाळीस टक्के,” डॉक्टर म्हणाले,
“चाळीसच्या वर आहात, नशीब.”
शिक्का. पुढचा.
उरलेले अठ्ठावन्न कुठं लिहायचे, विचारणार होते,
पण मागं एक आंधळा म्हातारा
नातवाच्या खांद्यावर हात ठेवून कधीचा ताटकळला होता.

हात धुवायला गेले तर नळ कोरडा.
वॉर्डबॉय पान्यानं तोटी बडवत होता.
थांब रे, म्हटलं,
आणि भिंतीतल्या पाइपाला कान लावला.
तो बघतच राहिला.
खालच्या मजल्यावरून कुठून तरी
गुदमरल्यासारखं गुडगुडत होतं.
हवा अडकलीय, म्हटलं.
खालचा नळ सोड आधी.