चौथं भोक

कुशिरोचं धुकं खिडकीला नाक लावून उभं.
आज चार पाठी तपासायच्यात.
म्हणजे पाठी डॉक्टर तपासतात.
मी विचारते, काल रात्री काय जेवलात?

तोकुयोबाई, वय एकोणऐंशी, अक्केशीच्या किनाऱ्यावरच्या.
साठ उन्हाळे समुद्रातून कोंबूचे लांबलचक पट्टे ओढून
गोट्यांवर वाळत घातले. पाठ वाकली ती तशीच राहिली.
चाळीस पावलांवर पायांत आग पेटते,
मग त्या बसतात, असतील तिथे,
दुकानाच्या पायरीवर, बर्फातसुद्धा.
डॉक्टर नारूमींनी तारीख दिलीय. चार मणके, आठ स्क्रू.

"काल रात्री?"
"भात."
"सोबत?"
"चहा. भातावरच ओतलेला."
"आणखी?"
"मुळ्याचं लोणचं, दोन चकत्या.
खरं म्हणजे एकच. दुसरी सकाळला ठेवली."

वजन सत्तेचाळीस, तीन वर्षं सत्तेचाळीसच.
मी काट्यावर भरवसा ठेवला असता,
पण घोट्याजवळ अंगठा दाबला तर खळगा पडला
आणि तो भरून येईपर्यंत
बाहेर एक बस येऊन निघूनही गेली.
पाणी होतं ते. काट्याला काय,
पाणी काय नि मांस काय.

मूठ आवळा म्हटलं. सुई नऊवर जाऊन थरथरली.
पोटरीला टेप गुंडाळली, सव्वीस.
माझा दंड तेवढा आहे.
अल्ब्युमिन दोन पूर्णांक आठ.

आणि मनगटावर नवऱ्याचं घड्याळ.
कंपनीच्या भोकांच्या पुढे पट्ट्याला आणखी चार,
आरीने पाडलेली, वेडीवाकडी.
"हे, ते गेले त्या हिवाळ्यात.
हे कवळी सैल झाली तेव्हाचं.
हे... मांजर मेलं, हसू नका.
आणि हे चौथं, तुमच्याकडून तारीख आली त्या आठवड्यातलं.
घासच उतरेना."

मी फॉर्मवर रकाना शोधला. भोकांसाठी रकाना नाही.

गेल्या वर्षी हाताकेयामा होते.
त्यांचा एक्स-रे शिकाऊ डॉक्टरांना दाखवत असू आम्ही,
इतका देखणा.
अकराव्या दिवशी टाक्यांतून पाणी झिरपू लागलं.
स्क्रू जागच्या जागी, कणा ताठ,
फक्त कातडीला कातडी मिळेना.
मिळवायला आत काही शिल्लकच नव्हतं.
त्यांच्या रक्ताचा आकडा माझ्या टेबलावर होता,
दुसऱ्या एका कागदाखाली.

नारूमींना फोन केला. सहा आठवडे मागितले.
"आधीच उशीर झालाय त्या पाठीला."
मी म्हटलं, पोट पाठीला लागलंय, डॉक्टर.
तुम्ही शिवाल, ते धरणार कशाला?
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग, "पाच."

भातात अंडं फेटून. तोफू. सार्डिन इतकं शिजवायचं
की काटाही विरघळेल.
सांगत होते मी, त्या माना डोलावत होत्या,
लहान मुलाचं कौतुक करावं तशा.
शेवटी म्हणाल्या, "एकटीसाठी गॅस पेटवायचा?"
यावर माझ्याकडे तक्ता नव्हता.

तो त्यांनीच काढला शोधून. शेजारचा इत्सुकी,
ऑयस्टरच्या बोटीवर जातो, बायको सोडून गेलेली.
संध्याकाळी येऊन बसतो.
खातो फार, बोलत काहीच नाही, असं कळलं.

पाचव्या आठवड्यात काट्यावर पंचेचाळीस.
त्यांचा चेहरा पडला, परीक्षेत नापास झाल्यासारखा.
मी घोटा दाबला. खळगा नाही.
पाणी गेलं होतं, बाई, पाणीच गेलं होतं!
मूठ साडेअकरा.
घड्याळ मात्र अजून चौथ्याच भोकात.
"जरा रुततंय हल्ली," त्या कुरकुरल्या,
पण पट्टा सैल केला नाही.

आत नेताना काढावं लागतंच ते.
माझ्या कोटाच्या खिशात आहे, टिकटिक करत,
दर तासाला मिनिटभर मागे पडणारं.
दारावरचा दिवा अजून लाल.
खाली कँटीन बंद व्हायची वेळ झाली
आणि सकाळपासून मी काही खाल्लेलं नाही.