आठच्या वेगाने

गोलाणी मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर
काचेच्या कपाटात चार सीडी रायटर.
दुकानातला पोरगा म्हणतो, हा घ्या, बावन्नचा स्पीड,
तीन मिनिटांत सीडी हातात.
म्हटलं, घाई कोणाला आहे?
वडील जाऊन सहा वर्षं झाली.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पंख्याकडे.
बाहेर मे महिना. जळगाव.

चारही रायटर मी हातावर तोलले,
टरबूज तोलतो तसे.
एक इतका हलका, की आत काही आहे का शंका यावी.
एकाचा ट्रे बाहेर येताना थरथरला.
असल्या थरथरत्या हातात
वडील क्लॅरिनेट देत नसत.

कोपऱ्यात युनूसभाई
मेलेल्या मॉनिटरमध्ये मान घालून बसलेले,
मान बाहेर न काढताच म्हणाले,
"गानं भरानं शे ना? मंग जुना, जड ले.
अन् आठना वर जाऊ नको.
हायू लिखं ते टिकस."

जड होता तो राखाडी, तोंडावर ओरखडा.
गॅरंटी संपलेली, म्हणून दीडशे कमी करून घेतले.

धरणगावात लाईट टिकते ती बारानंतर.
पेन्सिल घालून कॅसेट घट्ट केली,
टेपचं हेड स्पिरिटने पुसलं, बोळा चॉकलेटी झाला.
कूलर बंद. त्याची घरघर वायरीतून आत शिरते.
बायको काही बोलली नाही,
उशी काखेत मारून गच्चीवर गेली.

कॉम्प्युटर विचारतो, आवाज स्वच्छ करायचा?
एकदा हो म्हणून पाहिलं.
खरखर गेली,
आणि तिच्याबरोबर वडिलांचा श्वास,
फुंकण्याआधी नाकातून ओढायचे तो.
नाही म्हटलं.

पहिली सीडी वाया गेली, सव्वापाच मिनिटांवर टिक,
भातात खडा लागावा तशी.
ती आता पेरूच्या झाडाला, पाखरं हाकलायला.
दुसरी आठच्या वेगाने. दहा मिनिटं नारिंगी दिवा
आणि मी, एकमेकांकडे बघत.

एरंडोलच्या वरातीत वडिलांचा एक सूर घसरला होता.
इतकी वर्षं तो मळाखाली दबलेला,
हेड पुसल्यावर लख्ख.
आणि लगेच मागून ढोलाची एक जास्तीची थाप,
हिशेबात नसलेली.

बँडमधले आता चौघंच उरलेत. चौघांना चार केल्या.
दोधूकाकांनी सीडी उन्हात धरली,
पुढून पाहिली, मागून पाहिली, भोकातून मला पाहिलं.
"यामा सुपडू कोठे शे?"
त्यांच्याकडे टेप आहे फक्त, तोही एका स्पीकरचा.
थापेचं विचारलं तर हसले.
"तठे मी वाचाडं तेले."

त्या रात्री उलटं काम.
सीडीवरून पुन्हा कॅसेटवर.
इथे आठ नाही, बावन्न नाही,
जेवढा वेळ वरात चालली तेवढाच वेळ.
एक बाजू संपली, खटका उडाला.
उठून दुसरी लावली.