पाच दात

दुकान मालवणात, भरडावर, जिन्याखाली.
पाटी: कवळ्या करून व दुरुस्त करून मिळतील.
आत प्लास्टरचे साचे, गुलाबी मेणाच्या हिरड्या,
आणि गिऱ्हाइकाने जिथं बसायचं
तिथं दोन फुटांची काचेची टाकी.
खुर्ची मी बाहेर पायरीवर ठेवली आहे.

टाकीत चार दगड,
कोल्हापूरहून एस.टी.त मांडीवर आणलेलं
मऊ पोवळं,
आणि तो.
चिवल्याला रापणीत आला. पोरं काठीने उलटा करत होती.
मी जेवणाचा डबा वाळूवर रिकामा केला,
त्यात समुद्र भरला आणि त्याला घातला.
भात कावळ्यांना गेला.

पुस्तकात म्हणतात सागरी अर्चिन.
मी नाव ठेवलं नाही.
नाव ठेवणं आणि नावं ठेवणं
यांत आमच्या भाषेत एका टिंबाचं अंतर.

त्याचं तोंड खाली, तळाशी,
आणि तोंडात दात पाच.
झिजतात तसे वरून उतरतात,
झिजता झिजताच धार धरतात.
तेवीस वर्षं मी दात करतो.
पहिल्या रात्री काचेला कान लावला:
खर्र, थांब, खर्र.
शेवाळ खरवडत तो निघाला होता
आणि मागे उमटत होत्या
पाच टोकांच्या बारक्या चांदण्या.
धंद्यातला माणूस आवाजावरून कळतो.

त्याच्यासाठी वैशाखातच पाणी भरून ठेवतो,
पाच निळी पिंपं. पुढे खाडी गोडी होते,
गोडं पाणी त्याला सोसत नाही.
तांब्याचं भांडं टाकीजवळ आणायचं नाही.
आईचा तांब्या म्हणून माळ्यावर गेला,
आई दोन दिवस बोलली नाही.

त्याला डोक्यावर काहीतरी हवं असतं.
शिंपला, खडा, एकदा पोवळ्याची फांदी,
मी डिंकाने चिकटवलेली. उपटून घेऊन गेला,
अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली.
तिथं ती जास्त वाढली. मी काय बोलणार?

मग दात पडला.
सर्जेकोटच्या धाकू ताऱ्याच्या कवळीतला, वरचा, डावा,
तंबाखूचा रंग मुद्दाम मिसळलेला.
चिमट्यातून सुटला, बुडाला.
चौथ्या दिवशी पाहतो तर
हा दात डोक्यावर घेऊन फिरतोय,
नव्या टोपीतल्या म्हाताऱ्यासारखा.
ओढला तर त्याचे पाय तुटतील,
दोऱ्यासारखे पाय, शेकड्यांनी.
मी दुसरा दात केला.

माप द्यायला आला तेव्हा धाकू टाकीपुढे वाकला होता.
बोळक्या तोंडाने म्हणाला काहीतरी. नाव असावं.
नुसता वारा आला, आणि थोडी थुंकी काचेवर.

मृगात लाईट गेली. रात्री दहाला.
पंप बंद, पाणी मुकं.
प्लास्टिकचा मग भरायचा, हातभर उंचावरून ओतायचा,
भरायचा, ओतायचा.
मोजत नव्हतो. खांदा मोजत होता.
पहाटे चारला पंखा आपोआप फिरला
तेव्हा तळाशी त्याचे काटे पडलेले,
एकतीस. ते मात्र मोजले.
दात डोक्यावर तसाच.

आठ दिवसांनी धाकू आला.
कवळी बसवली, आरसा दिला. आरसा बघितला नाही.
टाकीजवळ गेला, चप्पल काढली, पाय वर केला:
"ह्येचो काटो माझ्या खोटेत अजून आसा.
सात वर्सांचो होतंय."
टाचेत खरंच एक निळा ठिपका.
मग टेबलावरची तवशाची फोड उचलली,
अर्चिनसाठी कापून ठेवलेली,
आणि खाल्ली. कडकन.
दुसरीही खाल्ली.
चावून झाल्यावर म्हणाला ते नाव,
सगळी व्यंजनं जागच्या जागी.

मी ते इथं लिहीत नाही.
त्या दिवशी पैसेही कमी घेतले, एका दाताचे.