तांब्याभर

सोहार. रात्रीचे दोन चाळीस.
ट्रॉलीवर एक माणूस,
हनुवटीवरून गळ्यापर्यंत वाळत चाललेला लाल ओघळ.
सोबतचा मुकादम
अरबीत, हिंदीत, दोन्ही हातांनी सांगतोय :
खून, खून, बहुत.

बहुत म्हणजे किती,
हा माझा दुसरा प्रश्न.
पहिला मी मनगटाला विचारते.
नाडी एकशे तीस, सुतासारखी.
तळवे गार. नख दाबलं
तर रंग परतेपर्यंत चार आकडे मोजून होतात.
वरचं प्रेशर ऐंशी, खालचं ऐकूच येत नाही.

डाव्या कोपरात जाड सुई, उजव्यात आणखी एक.
शिरा दडून बसल्यात,
माघातल्या ओढ्यासारख्या, वाळूच्या खाली.
गट, जुळणी, हिमोग्लोबिन : नळ्या भरते.
सलाईन सोडते. कुशीवर वळवते,
पुन्हा उलटी आली तर श्वासात जायला नको.
हे सगळं हात करतात.
डोळे तेवढ्यात ओळखपत्र वाचतात :
सरफुद्दीन चौगुले.

"गाव कुठलं, भाऊ?"

त्याचे डोळे उघडतात.
"मंडणगडच्या अंगाला."
माझं औसा. मधे अख्खा घाट.

"किती पडलं रक्त?"
तो आठवतो, नीट,
उधारीचा हिशेब सांगावा तसा.
"पहिल्यांदी वाटीभर. मग तांब्या.
तांब्याभर असल."

डॉक्टर मुझम्मिल खार्टूमचे, ग्रेस कोट्टायमची.
यांना तांब्या कसा सांगू?
उन्हातून आलेल्या माणसापुढे
काही विचारायच्या आधी ठेवतात तो.
पेला उपडा घालून रात्री उशाशी असतो तो.
"एक लिटर," मी म्हणते.
डॉक्टर फोन उचलतात : चार पिशव्या,
आणि दुर्बीणवाल्यांना उठवा.

"दारू?"
"तोबा."
"कावीळ कधी?"
"नाय."
"संडासला काळी होते?"

इथे तो अडतो.
मुकादमाकडे बघतो, मग छताकडे.
अकरा वर्षं तो रस्त्यावर डांबर ओततोय.
नखांत डांबर, कानामागे डांबर,
रोज रात्री रॉकेलचा बोळा घेऊन अंग घासतो.
"आठ दिस काळीच होते, बाई.
मना वाटलं, कामाचीच असल."

ग्रेस विचारते, काय म्हणाला?
मी फक्त "होय" एवढंच भाषांतर करते.

खिशात घामाने मऊ झालेलं पाकीट.
गुडघ्याच्या गोळ्या. दिवसाला चार.
पहाटे साडेतीनला गाडी सुटते,
तेव्हा पोटात काय असणार?

पाणी मागतो. देता येत नाही.
ओल्या बोळ्याने ओठ टिपते.
तो बोळाच चोखायला बघतो.

पहिली पिशवी येते.
कुणाचं रक्त ते लिहिलेलं नसतं, नंबर असतो.
मी आणि ग्रेस तो मोठ्याने वाचतो,
दोनदा, दोन गावांच्या उच्चारांत,
पाढे म्हणावेत तसा.

दुसऱ्या पिशवीला पाय कोमट.
तिसरी अर्धी झाली तेव्हा प्रेशर शंभर,
आणि त्याने विचारलं,
चपला कुठं ठेवल्या?

साडेपाचला वर नेला.
जठर संपतं त्या वळणावर व्रण,
तळाशी उघडी शीर. तिला चिमटा लावला.
फॉर्मवर मी लिहिलं : अंदाजे हजार मिली.
तांब्याला तिथे रकाना नव्हता.
चादरीवर टाचेचा काळा ठसा राहिला होता,
धुलाईवाला म्हणाला, हे निघणार नाही.

दुसऱ्या रात्री वॉर्डात गेले.
आता पाणी चालतं, थोडं थोडं.
एक चमचा. थांबले. दुसरा.
"माझ्या गोळ्या?"
"टाकल्या."
"मग गुडघा?"
मी तिसरा चमचा पुढे केला.
तो प्याला नाही.
"सहा किलोमीटर राह्यलाय, बाई,
रस्ता."