घर बंद

रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
पहिल्या दिवशी त्यात मी
सत्तेचाळीस वेळा लिहिलं : घर बंद.

ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली.
पाटी बदलली, खुर्च्या त्याच.
मला मिळाला तीस मीटरचा टेप,
लाल रंगाचा डबा, आकड्यांचे पत्र्याचे साचे,
आणि टेपचं दुसरं टोक धरायला
शकील मन्यार.

साडेसातलाच उपसून जातं गाव.
फाट्यावर काळ्या-पिवळ्या, दहाच्या जागी सोळा,
एकाचा पाय कायम बाहेर.
कुणी चटईच्या कंपनीत, कुणी दाळमिलला,
कुणी सराफाच्या दुकानात काचा पुसायला.
जळगाव नऊ किलोमीटर.
मागे कुलुपं उरतात.
कॉलनीत पितळी, जाडजूड;
जुन्या गावात कडीत नुसती बाभळीची काडी.
शेरा दोघांना एकच.

कॉलनी म्हणजे सहा वर्षांपूर्वीची केळी.
विहिरीवर जाळी टाकून बाकडं ठेवलंय,
बाकड्यावर कुणी बसत नाही.
भोळ्यांच्या ओट्याच्या फरशीतून
केळीचं एक पिल्लू वर आलंय,
पान अजून गुंडाळलेलं.
शकील म्हणाला, साहेब,
हे क्षेत्रफळात धरायचं का?

शेजारच्या खिडकीतून एक पोरगं ओरडलं,
रात्री येजो भो, रात्री सगळे ऱ्हातात.

मग रात्री गेलो.
कोकिळा नारखेडेंच्या घरात
मोबाइलच्या उजेडात भिंत मोजली.
त्या कळण्याची भाकर थापत होत्या,
केसांत चटईचे हिरवे-निळे धागे अडकलेले.
अठरा बाय अकरा, मी म्हणालो.
त्या तव्याकडे बघतच बोलल्या,
झोपते तेवढ्याचाच लावा ना टॅक्स.
दिवसभर तर मी जळगावातच ऱ्हाते,
तिथं कुणी मोजत नाही मला.

शकीलने टेप सोडला.
तो सर्रकन माझ्या मुठीत येऊन आदळला.
त्यांच्या म्हणण्यासाठी रकाना नव्हता,
म्हणून मी नुसतं लिहिलं :
मालक हजर.

भाकर खाऊन जा म्हणाल्या.
खाल्ली. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं.
अजून सहा घरं बाकी होती.

साडेदहाला आमच्या गल्लीत शिरलो.
बायको भुसावळला दवाखान्यात रात्रपाळीला,
पोरगा दुसऱ्या शिफ्टवरून यायचा होता.
दारावर लाल आकडा, अकराशे त्रेसष्ट,
खाली खडूने, घाईघाईत :
घर बंद.

आमची गल्ली दुसऱ्या पार्टीकडे आहे,
हे मला माहीत होतं.
तरी किल्ली हातात घेऊन जरा वेळ उभा राहिलो,
दुसऱ्याच्या दारात उभं राहावं तसा.

कुलूप काढताना बोटाला रंग लागला.
आत जाऊन दिवा लावला,
परत बाहेर येऊन पाहिलं.
सहा तिरपा उमटलाय.
उद्या सांगावं लागेल त्यांना,
साचा घट्ट धरत जा.